मायटर गेज

मायटर गेज हे टेबल सॉ या करवत यंत्रावर लाकूड आडवे अथवा ठरावीक कोनात कापण्यासाठी वापरले जाणारे मार्गदर्शक साधन आहे. टेबल सॉमध्ये वर्तुळाकार पाते टेबलाच्या पृष्ठभागातून वर आलेले असते आणि कारागीर लाकूड पात्याकडे सरकवतो. लाकूड पात्याकडे नेताना त्याचा कोन बदलू न देणे हे मायटर गेजचे मुख्य कार्य होय. त्यासाठी गेजची पट्टी टेबलावरील खोबणीत चपखल बसणे आवश्यक असते. पट्टी सैल असल्यास शीर्षावरील अंश कितीही काळजीपूर्वक लावले तरी प्रत्येक काप थोडा वेगळ्या कोनात पडतो. पट्टी फार घट्ट असल्यास ती अडखळत सरकते आणि कापाचा दर्जा व सुरक्षितता या दोहोंना बाधा येते. म्हणून मायटर गेजच्या समायोजनात पट्टीचा ढिलेपणा आधी दूर करतात व कोन त्यानंतर जुळवितात.

रचना

मायटर गेजचे पट्टी आणि शीर्ष असे दोन मुख्य भाग असतात. पट्टी पोलादाची किंवा अ‍ॅल्युमिनियमची असून ती टेबलावरील खोबणीत पुढेमागे सरकते. शीर्ष हे अर्धवर्तुळाकार कोनमापकासारखे असते. ते पट्टीवर एका खिळीभोवती फिरते आणि मुठीच्या साहाय्याने हव्या त्या कोनात आवळता येते. शीर्षाच्या सपाट पुढील बाजूला टेकवून लाकूड धरले जाते. लाकडाला अधिक आधार मिळावा म्हणून या बाजूवर बरेचदा लांब लाकडी फळी स्क्रूने जोडतात.

शीर्षावर साधारणपणे दोन्ही बाजूंना ६० अंशांपर्यंत खुणा असतात. काटकोन आणि ४५ अंश या नेहमी लागणाऱ्या स्थानांवर शीर्ष आपोआप अडावे म्हणून तेथे अटकाव दिलेले असतात. काही गेजमध्ये २२.५ व ३० अंशांनाही असे अटकाव आढळतात. अटकावाचे स्थान बारीक स्क्रूने थोडे पुढेमागे करता येते.

उत्तर अमेरिकी घडणीच्या पूर्ण आकाराच्या यंत्रांवर खोबण सामान्यतः ३/४ इंच (सुमारे १९ मिमी) रुंद आणि ३/८ इंच (सुमारे ९.५ मिमी) खोल असते. भारतीय सुतारांच्या मोजणीत एका इंचाचे आठ सूत धरतात. त्या हिशेबाने ही खोबण सहा सूत रुंद व तीन सूत खोल ठरते. अनेक यंत्रांत खोबणीचा तळ वरच्या भागापेक्षा रुंद असतो. पट्टीच्या टोकाला लावलेली चकती त्या रुंद भागात अडकते व गेज टेबलाच्या कडेबाहेर ओढले तरी ते खाली कलंडत नाही. लहान, सहज उचलता येणाऱ्या यंत्रांवर खोबणीचे माप वेगळे असू शकते. त्यामुळे दुसऱ्या यंत्राचे गेज घेण्यापूर्वी खोबण मोजून पाहणे इष्ट ठरते.

पार्श्वभूमी

वर्तुळाकार करवतीचा उल्लेख इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथील सॅम्युएल मिलर याला १७७७ साली मिळालेल्या पेटंटमध्ये आढळतो. पुढे वाफेच्या आणि नंतर विजेच्या शक्तीवर चालणाऱ्या करवती कारखान्यांत रुळल्या. लाकूड पात्यापाशी नेण्याच्या पद्धतीत मात्र युरोप आणि अमेरिका यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. जर्मनीत विल्हेल्म आल्टेनडोर्फ यांनी १९०६ साली सरकत्या टेबलाची करवत तयार केली. तिच्यात लाकूड ज्यावर ठेवले जाते तो टेबलाचा भागच पात्याला समांतर सरकतो. अमेरिकेत स्थिर टेबल, त्यातील दोन खोबणी आणि खोबणीत सरकणारे मायटर गेज ही रचना प्रचलित राहिली. डेल्टा कंपनीचे १९३९ सालचे 'युनिसॉ' हे या परंपरेतील एक प्रसिद्ध यंत्र होय. मायटर गेजच्या पट्टीचा ढिलेपणा हा प्रश्न मुख्यत्वे या दुसऱ्या प्रकारच्या यंत्रांशी निगडित आहे.

ढिलेपणा आणि कोनातील त्रुटी

पट्टी खोबणीत सरकण्यासाठी ती खोबणीपेक्षा किंचित अरुंद असावीच लागते. मात्र मोठ्या प्रमाणावर उत्पादन करताना पट्टी आणि खोबण या दोहोंच्या मापांत थोडीफार तफावत राहते आणि पट्टी आवश्यकतेपेक्षा अधिक सैल बसते. या ढिलेपणाला कार्यशाळांमध्ये 'प्ले' असे म्हणतात.

ढिलेपणामुळे पट्टी खोबणीत किंचित तिरकी होऊ शकते. ती किती तिरकी होईल हे दोन गोष्टींवर अवलंबून असते. एक, पट्टी आणि खोबण यांच्या रुंदीतील फरक. दोन, पट्टीचा खोबणीत असलेल्या भागाची लांबी. फरकाला लांबीने भागले असता तिरकेपणाचे प्रमाण मिळते. उदाहरणार्थ, फरक ०.२ मिमी असेल आणि पट्टी ३०० मिमी लांबीपर्यंत खोबणीत असेल, तर पट्टी प्रत्येक बाजूस सुमारे ०.०४ अंशाने फिरू शकते. १५० मिमी रुंद फळी कापताना यामुळे ०.१ मिमी एवढा, म्हणजे साध्या लेखन कागदाच्या जाडीइतका फरक पडतो.

रुंद फळी कापताना परिस्थिती बिकट होते. अशी फळी पात्याच्या अलीकडे मावावी म्हणून गेज कारागिराकडे मागे ओढावे लागते आणि पट्टीचा बराच भाग टेबलाबाहेर येतो. खोबणीत केवळ १०० मिमी लांबी उरली, तर त्याच ०.२ मिमी ढिलेपणामुळे पट्टी सुमारे ०.११ अंशाने फिरू शकते. ३०० मिमी रुंद फळीवर त्याचा परिणाम ०.६ मिमी इतका होतो. म्हणजे ज्या कामात अचूकतेची गरज सर्वाधिक, नेमक्या त्याच कामाच्या आरंभी गेजची पकड सर्वांत दुबळी असते.

या संदर्भात दोन प्रकारच्या त्रुटींमध्ये भेद करणे आवश्यक आहे. शीर्ष चुकीच्या कोनात आवळले गेले असेल तर प्रत्येक कापात तीच आणि तेवढीच चूक होते. अशी त्रुटी मोजता येते आणि शीर्ष तेवढेच उलट दिशेला फिरवून दूर करता येते. ढिलेपणामुळे येणारी त्रुटी तशी नसते. कारागिराच्या हाताचा दाब कोणत्या बाजूला पडला, त्यावर ती कधी डावीकडे तर कधी उजवीकडे येते. तिचे मूल्य दर वेळी बदलत असल्याने कोन कितीही वेळा जुळविला तरी ती नाहीशी होत नाही. ढिलेपणा आधी दूर करण्यामागे हेच कारण आहे.

चौकटीचे उदाहरण

कोनातील लहानशी त्रुटी कशी साचत जाते, हे तसबिरीच्या चौकटीवरून स्पष्ट होते. चौकटीच्या चार पट्ट्यांना प्रत्येकी दोन, म्हणजे एकूण आठ काप ४५ अंशांत घ्यावे लागतात. प्रत्येक कापात ०.१ अंशाची चूक एकाच दिशेने झाली, तर आठ कापांत ती ०.८ अंश होते. पहिले तीन कोपरे घट्ट जुळविल्यास ही सर्व त्रुटी चौथ्या कोपऱ्यात उघडी पडते. ५० मिमी रुंदीच्या पट्टीवर ४५ अंशांच्या कापाची लांबी सुमारे ७१ मिमी असते. तेथे ०.८ अंशाच्या त्रुटीने जवळपास १ मिमी रुंदीची फट पडते. ती सहज नजरेस येते आणि सांध्याची मजबुतीही कमी करते.

बाजू जितक्या अधिक, तितकी ही बेरीज वाढते. षटकोनी चौकटीला ३० अंशांचे १२ काप लागतात, तर अष्टकोनी चौकटीला २२.५ अंशांचे १६ काप लागतात. एखाद्या चौकटीला किती बाजू आहेत त्या संख्येने १८० ला भागले की शीर्ष काटकोनी स्थानापासून किती अंश फिरवायचे ते मिळते.

समायोजनापूर्वीची तपासणी

पट्टीवर कोणताही बदल करण्यापूर्वी यंत्राचा वीजपुरवठा पूर्णपणे तोडणे आवश्यक आहे. केवळ बटण बंद करणे पुरेसे नसून प्लग काढून ठेवावा लागतो. त्यानंतर पुढील बाबी क्रमाने तपासल्या जातात.

खोबणीची स्वच्छता. खोबणीत साचलेला भुसा, डिंक किंवा गंज यांमुळे पट्टी काही ठिकाणी अडते व ती घट्ट आहे असा आभास होतो. खोबण ब्रशने साफ करून कडांवरील बारीक धातूचे कंगोरे कानशीने हलकेच काढतात.

खोबणीची रुंदी. व्हर्नियर कॅलिपरने खोबण पुढे, मध्ये आणि मागे अशी तीन ठिकाणी मोजतात. रुंदी सर्वत्र सारखी नसल्यास सर्वांत अरुंद जागा लक्षात ठेवून पट्टी जुळवावी लागते. टेबलावरील दोन्ही खोबणींची मापे एकसारखी असतीलच असे नाही. पट्टी एका खोबणीसाठी जुळविली असेल तर ती दुसरीत सैल वा घट्ट बसू शकते.

ढिलेपणाचे मापन. पट्टी खोबणीच्या एका भिंतीला टेकवून दुसऱ्या बाजूच्या फटीत फीलर गेजची पाती घालून पाहतात. फीलर गेज उपलब्ध नसल्यास साध्या लेखन कागदाची चिंधी वापरता येते. कागद विनासायास आत गेला, तर फट साधारण ०.१ मिमीहून अधिक आहे असे समजावे.

पात्याची समांतरता. खोबण आणि पाते परस्परांना समांतर असणे आवश्यक असते. पात्याच्या एका दातावर खूण करून तो दात पुढे असताना व पाते फिरवून तोच दात मागे नेल्यावर, असे दोनदा त्याचे खोबणीपासूनचे अंतर मोजतात. एकच दात वापरल्याने पात्यातील वाकडेपणाचा मापनावर परिणाम होत नाही. मापनासाठी डायल इंडिकेटर मायटर गेजवर बसविला असेल, तर दोन्ही वेळा पट्टी खोबणीच्या एकाच भिंतीला दाबून धरावी लागते. तसे न केल्यास पट्टीचाच ढिलेपणा मापनात मिसळतो. समांतरता दुरुस्त करण्याची रीत यंत्राच्या घडणीवर अवलंबून असते. पात्याची यंत्रणा खालच्या पेटीला जोडलेली असल्यास टेबलाचे बोल्ट सैल करून टेबल सरकवितात. ती टेबलाच्या खालच्या बाजूला टांगलेली असल्यास यंत्रणेचे बोल्ट सैल करून तीच फिरवावी लागते.

येथे एक सूक्ष्म मुद्दा आहे. लाकूड खोबणीच्या दिशेने सरकत असल्याने कापाचा कोन मुळात गेज आणि खोबण यांच्यातील कोनावर ठरतो. पाते किंचित तिरके असल्यास कापाची दिशा फारशी बदलत नाही. परंतु पात्याच्या मागील बाजूचे दात कापलेल्या कडेला घासतात, लाकूड करपते आणि काप रुंद होतो. त्यामुळे करपलेली कड दिसल्यास दोष गेजचा नसून समांतरतेचा असण्याची शक्यता प्रथम विचारात घ्यावी.

खिळीची पकड. शीर्ष ज्या खिळीभोवती फिरते तेथेही ढिलेपणा असू शकतो. पट्टी घट्ट धरून शीर्ष हलवून पाहिल्यास तो लक्षात येतो. खिळी सैल असताना केवळ पट्टी जुळवून उपयोग होत नाही.

पट्टी चपखल बसविण्याच्या पद्धती

पंच मारणे

पोलादी पट्टीसाठी ही जुनी व बिनखर्ची पद्धत आहे. पट्टी कडेवर उभी करून भक्कम लोखंडी ठोकळ्यावर ठेवतात आणि तिच्या कडेवर सेंटर पंचाने हलके घाव घालतात. घावाच्या जागी लहान खळगा पडतो व खळग्याभोवतीचा धातू किंचित वर उचलला जातो. या उंचवट्यांमुळे पट्टीची परिणामी रुंदी वाढते. खळगे २० ते २५ मिमी अंतरावर, वरखाली नागमोडी पद्धतीने घेतात. दोन-चार खळग्यांनंतर पट्टी खोबणीत घालून पाहणे आवश्यक असते. उंचवटे जास्त झाल्यास ते बारीक कानशीने कमी करता येतात.

सर्व घाव एकाच कडेवर जोराने घातल्यास ती कड ताणली जाऊन पट्टी धनुष्यासारखी वाकू शकते. म्हणून घाव हलके ठेवतात आणि मधूनमधून सरळ धारेच्या पट्टीने सरळपणा पाहतात. वापराने उंचवटे झिजल्यास ही कृती पुन्हा करता येते. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर उंचवटे सहज उठतात, पण धातू मऊ असल्याने ते लवकर झिजतात.

धातूची चिकटपट्टी

अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याची चिकटपट्टी पट्टीच्या एका कडेला लावणे हा तात्पुरता उपाय आहे. अशी चिकटपट्टी वातानुकूलन यंत्रांच्या हवानलिकांसाठी वापरली जाते. एका थराने भागत नसल्यास दुसरा थर देतात. ढिलेपणा अल्प असल्यास हा उपाय पुरेसा ठरतो. मात्र कड उचकटून चिकटपट्टी खोबणीत गोळा होऊ शकते, म्हणून तिची तपासणी वारंवार करावी लागते.

ग्रब स्क्रू

पट्टीच्या जाडीतून आडवी छिद्रे पाडून त्यांत आटे पाडतात आणि डोके नसलेले बारीक स्क्रू, म्हणजे ग्रब स्क्रू, बसवितात. स्क्रू किंचित बाहेर काढले की त्यांची टोके खोबणीच्या भिंतीला टेकतात. टोकाला नायलॉन असलेले स्क्रू वापरल्यास बिडाच्या टेबलावर ओरखडे उठत नाहीत. सर्व स्क्रू एकाच बाजूला ठेवणे श्रेयस्कर असते. तसे केल्याने दुसरी बाजू अखंड, सरळ आणि संदर्भासाठी विश्वसनीय राहते. स्क्रू शक्य तितके पट्टीच्या दोन्ही टोकांजवळ असावेत, कारण टेकण्याच्या बिंदूंमधील अंतर वाढले की तिरकेपणा कमी होतो. रुंद फळीच्या वेळी पट्टीचे केवळ पुढील टोक खोबणीत राहत असल्याने त्या भागात दोन स्क्रू देणे उपयुक्त ठरते. कंपनामुळे स्क्रू फिरू नयेत म्हणून आट्यांना थ्रेडलॉकर लावतात.

प्रसरण पावणारी पट्टी

स्वतंत्रपणे विकल्या जाणाऱ्या काही मायटर गेजच्या पट्टीत ठरावीक अंतरावर चिरलेल्या चकत्या बसविलेल्या असतात. वरून स्क्रू फिरविला असता चकती रुंदावते व खोबणीच्या दोन्ही भिंतींना टेकते. पट्टी खोबणीत असतानाच हे समायोजन करता येते, हा या रचनेचा मोठा लाभ आहे. घासून झालेली झीजही त्याच स्क्रूने भरून काढता येते.

नवी पट्टी तयार करणे

मूळ पट्टी फारच सैल असल्यास ती बदलणे सोयीचे असते. कडक लाकडाची पट्टी घरच्या घरी बनविता येते, परंतु हवेतील आर्द्रतेनुसार लाकूड फुगते व आकसते. कोकणासारख्या दमट प्रदेशात उन्हाळ्यात चपखल बसणारी लाकडी पट्टी पावसाळ्यात अडकून बसू शकते. लाकूड वार्षिक वलयांच्या दिशेने जितके फुगते त्यापेक्षा गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने कमी फुगते. म्हणून पट्टीची रुंदी या दुसऱ्या दिशेत येईल अशा बेताने लाकूड चिरून घेतात. साग हे लाकूड आकार टिकवून धरण्यासाठी प्रसिद्ध असल्याने या कामास योग्य समजले जाते. अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीन प्लॅस्टिकच्या पट्ट्या आर्द्रतेने फुगत नाहीत आणि गुळगुळीत सरकतात. मात्र तापमानाने त्यांचे प्रसरण धातूपेक्षा अधिक होते.

योग्य पकडीची ओळख

चपखल बसणे आणि घट्ट बसणे यांत फरक आहे. योग्य जुळलेली पट्टी एका बोटाच्या दाबाने खोबणीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारख्याच जोराने सरकते. ती कोठेही अडत नाही किंवा एकाएकी मोकळी होत नाही. शीर्ष डावी-उजवीकडे हलविले असता 'टक्' असा आवाज येत नाही. ही चाचणी गेज टेबलाच्या मध्यावर असताना तसेच पट्टीचा थोडाच भाग खोबणीत असताना अशी दोन्ही स्थितींत घेतात.

पट्टी अडखळत असेल तर कारागीर नकळत जोर वाढवितो. अडथळा सुटताच लाकूड पात्यावर एकदम पुढे जाते. म्हणून शंका असल्यास पट्टी किंचित सैलसर ठेवून काप घेताना तिला सतत एकाच भिंतीकडे दाबून धरणे हे अतिघट्ट पट्टीपेक्षा चांगले मानले जाते. ही सवय ढिलेपणाचा पूर्ण पर्याय नसली तरी त्रुटी एकाच दिशेला ठेवते.

शीर्षाचा कोन जुळविणे

ढिलेपणा दूर झाल्यानंतर शीर्षाचा कोन जुळवितात. प्रथम पाते टेबलाला काटकोनात उभे आहे की नाही, हे गुण्याने पाहतात. गुण्या पात्याच्या दातांना न लावता दोन दातांमधील सपाट भागाला टेकवावा लागतो. त्यानंतर गुण्याची एक बाजू शीर्षाला व दुसरी पात्याला टेकवून शीर्ष काटकोनात आवळतात. ही जुळणी प्राथमिक असते. अंतिम निर्णय प्रत्यक्ष काप पाहूनच घेतला जातो.

उलटविण्याची चाचणी

समांतर कडा असलेली एक रुंद फळी मधोमध आडवी कापतात. एक तुकडा आहे तसा ठेवून दुसरा पालथा करतात. दोन्ही तुकडे एका सरळ पट्टीला टेकवून कापलेल्या कडा एकमेकींना भिडवितात. काप अचूक काटकोनात असल्यास कडा पूर्ण जुळतात. वर किंवा खाली फट दिसल्यास ती प्रत्यक्ष त्रुटीच्या दुप्पट असते. यामुळे डोळ्यांना न दिसणारी चूकही उघड होते.

पाच कापांची चाचणी

अधिक अचूकतेसाठी पाच कापांची पद्धत वापरतात. सुमारे ४०० मिमी बाजूचा चौकोनी प्लायवूडचा तुकडा घेऊन त्याची एक कड कापतात. नुकतीच कापलेली कड शीर्षाला टेकेल असा तुकडा फिरवून दुसरी कड कापतात. याच रीतीने चारही कडा कापल्यावर पहिल्या कडेवर पाचवा काप घेऊन सुमारे २५ मिमी रुंदीची पट्टी वेगळी करतात. प्रत्येक फेरीत चूक साचत गेल्याने या पट्टीच्या दोन टोकांच्या रुंदीत चौपट त्रुटी दिसते. दोन रुंदींतील फरकाला चारने भागले असता पट्टीच्या लांबीवरील प्रत्यक्ष त्रुटी मिळते.

उदाहरणार्थ, ४०० मिमी लांबीच्या पट्टीचे एक टोक २५.४ मिमी आणि दुसरे २५.० मिमी भरले, तर फरक ०.४ मिमी आणि प्रत्यक्ष त्रुटी ०.१ मिमी होते. कोनाच्या भाषेत ही सुमारे ०.०१४ अंश आहे. त्यानुसार शीर्ष किंचित फिरवून चाचणी पुन्हा घेतात. पट्टी सैल असताना ही चाचणी घेतल्यास प्रत्येक वेळी वेगळे उत्तर येते. लागोपाठ दोन चाचण्यांची उत्तरे जुळत नसतील, तर ढिलेपणा अजून शिल्लक आहे असा त्याचा अर्थ होतो.

४५ अंशांची चाचणी

काटकोन निश्चित झाल्यावर ४५ अंशांचा अटकाव तपासतात. दोन तुकडे या कोनात कापून त्यांचा कोपरा जुळवितात व आतील बाजूस गुण्या लावतात. येथेही त्रुटी दुप्पट दिसते. चारही बाजू कापून पूर्ण चौकट जुळविल्यास ती आठपट दिसते. म्हणून महत्त्वाच्या कामापूर्वी टाकाऊ लाकडाची छोटी चौकट करून पाहणे हितावह ठरते. चौकटीच्या समोरासमोरील बाजूंची लांबी तंतोतंत सारखी नसल्यास कोन अचूक असूनही कोपरे जुळत नाहीत. हा दोष कोनाचा समजून शीर्ष फिरविले जाण्याची चूक नवशिक्यांकडून होते.

सुरक्षितता

२५४ मिमी (१० इंच) व्यासाचे पाते मिनिटाला सुमारे ४,००० फेरे घेत असल्यास त्याच्या दातांचा वेग सेकंदाला सुमारे ५३ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १९० किलोमीटर असतो. पात्याच्या पुढील बाजूचे दात खाली जातात, तर मागील बाजूचे दात वर येतात. लाकूड तिरके होऊन मागील दातांना भिडले, तर ते वर उचलले जाऊन कारागिराच्या दिशेने वेगाने फेकले जाते. या घटनेला 'किकबॅक' म्हणतात. सैल पट्टीमुळे कापाच्या मध्येच लाकूड तिरके होऊ शकते. म्हणून पट्टीची जुळणी हा केवळ नीटसपणाचा प्रश्न राहत नाही.

लाकूड लांबीत चिरण्यासाठी असलेली समांतर मार्गदर्शक पट्टी, म्हणजे रिप फेन्स, आणि मायटर गेज यांचा आरपार कापासाठी एकत्र वापर करू नये. कापलेला तुकडा पाते आणि फेन्स यांच्यामध्ये अडकून फेकला जाण्याचा धोका असतो. सारख्या लांबीचे अनेक तुकडे हवे असल्यास फेन्सवर पात्याच्या बऱ्याच अलीकडे एक ठोकळा बांधतात. लाकडाचे टोक त्या ठोकळ्याला टेकवून लांबी ठरविली जाते आणि काप सुरू होण्यापूर्वीच ते ठोकळ्यापासून सुटते. पात्यावरील संरक्षक झाकण व पात्यामागील फट उघडी ठेवणारी सुरी जागेवर असावी. सैल तुकडे उचलण्यापूर्वी पाते पूर्ण थांबण्याची वाट पाहणे आवश्यक आहे.

देखभाल

पट्टी व खोबण यांना घट्ट मेणाचा पातळ थर देऊन पुसून घेतल्यास सरकणे सुलभ होते आणि बिडाच्या टेबलाला गंजापासूनही संरक्षण मिळते. तेल लावल्यास त्यावर भुसा चिकटतो. सिलिकॉनयुक्त फवारे टाळतात, कारण त्यांचा अंश लाकडावर लागल्यास नंतर दिलेल्या पॉलिशवर डाग उठतात. गेज खाली पडल्यास अथवा यंत्र हलविल्यास काटकोनाची चाचणी पुन्हा घेतली जाते. गेज वापरात नसताना आडवे ठेवावे अथवा ठरलेल्या जागी टांगावे. भिंतीला तिरके टेकवून ठेवलेले गेज घसरून पडण्याचा व अटकाव बिघडण्याचा संभव असतो.

पर्यायी साधने

रुंद व जड फळ्यांसाठी अनेक कारागीर 'क्रॉसकट स्लेड' वापरतात. ही प्लायवूडची सरकती पाटी असून तिच्याखाली दोन पट्ट्या असतात व त्या टेबलावरील दोन्ही खोबणींत सरकतात. दोन पट्ट्या परस्परविरुद्ध भिंतींना टेकतील अशा बसविल्यास ढिलेपणा जवळजवळ नाहीसा होतो. मात्र स्लेडवर कोन बदलणे मायटर गेजइतके सोपे नसते. फर्निचरच्या कारखान्यांत मोठ्या प्लायवूडसाठी सरकत्या टेबलाची यंत्रे वापरतात. लहान चौकटींसाठी हातकरवत आणि मायटर बॉक्स हा साधा पर्याय आजही उपयोगात आहे. या सर्व साधनांमध्ये प्रत्येक कापाच्या वेळी लाकूड आणि पाते यांच्यातील कोन तोच राहावा, हे तत्त्व समान आहे.